होशंगाबादचे बाल-वैज्ञानिक



शाळेंत विज्ञान शिकविलें जातें म्हणजे बहुधा काय होतें, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं अनुभविलें असेल. प्राणवायु तयार करण्याची कृति फळ्यावर लिहिली जाते, आकृति वहींत उतरते, परीक्षेंत पूर्ण गुणही मिळतात. तो वायु तयार होतांना मात्र कोणी पाहिलेला नसतो. या रीतीविरुद्ध आपल्या देशांत तीस वर्षें चाललेल्या एका प्रयत्नाची हकीकत आज सांगावयाची आहे.

मध्यप्रदेशांत नर्मदाकांठीं होशंगाबाद नांवाचा जिल्हा होता. २०२२ सालापासून त्यास नर्मदापुरम् म्हणतात. तेथील सोळा शाळांत १९७२ सालीं सहावी ते आठवीच्या मुलांस प्रयोगांतून विज्ञान शिकविण्यास सरकारनें परवानगी दिली. काम हातीं घेतलें तें दोन संस्थांनीं : रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडीकडील किशोर भारती. किशोर भारतीचे संस्थापक डॉ. अनिल सदगोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील काम सोडून या खेडवळ मुलुखांत आले होते. शास्त्रज्ञानें प्रयोगशाळा सोडावी आणि खेड्यांतील शाळेच्या ओसरीवर बसावें, हें तेव्हां अनेकांस विचित्र वाटलें असल्यास नवल नाहीं.

या शाळांत ‘बाल वैज्ञानिक’ नांवाचीं पुस्तकें चालत. त्यांत प्रयोग कसा करावा हें होतें, पुढें प्रश्न होते. उत्तरें मात्र नव्हतीं. मुलांनीं चारचारांच्या टोळ्या करून प्रयोग करावयाचा, जें दिसेल तें आपल्या शब्दांत लिहावयाचें. फूल उकलण्यास सुई नसेल तर बाभळीचा कांटा घ्यावा, इतकी साधी ती सामग्री. मला स्वतःला त्यांतील संभाव्यतेचा धडा फार आवडतो. प्रत्येक टोळीनें नाणें उडवावयाचें आणि छाप किती वेळां पडला तें मांडावयाचें. एका टोळीचा आंकडा दुसरीशीं जुळत नाहीं. कोणी म्हणतो, आमचें चुकलें. मग साऱ्या वर्गाचे आंकडे एकत्र केले कीं बेरीज निम्म्याच्या जवळ सरकूं लागते. आपला आंकडा चुकीचा नव्हता, केवळ अपुरा होता, ही गोष्ट बारा वर्षांच्या मुलास कोणत्या व्याख्येनें समजली असती?

१९७८ सालीं हा क्रम जिल्ह्यांतील सर्व शाळांत गेला. त्याच वर्षीं पुण्याच्या मोटार-कारखान्यांतून रजा घेऊन अरविंद गुप्ता नांवाचे एक तरुण अभियंते तेथें आले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून तींत आगपेटीच्या काड्या खोंवल्या, आणि त्रिकोण ताठ राहतो, चौकोन मात्र लवतो, हें मुलांच्या बोटांनाच कळूं लागलें. हेच गुप्ता पुढें पुण्यांत आयुकाच्या बालविज्ञान-केंद्रांत काम करूं लागले, म्हणून आपल्याकडे त्यांची ओळख अधिक.

पण या कार्याचें खरें मर्म सामग्रींत नव्हतें, तें परीक्षेंत होतें. आठवीची परीक्षा सरकारी. तींत पुस्तक व वही उघडून उत्तरें लिहिण्याची मुभा मिळाली, आणि प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा निराळी घेतली जाऊं लागली. पुस्तक समोर असतां पाठांतर कवडीमोल होतें. उरतो तो विचार. असे प्रश्न काढणें फार कठीण, आणि उत्तरें तपासणें त्याहून कठीण. म्हणून शिक्षकांस उन्हाळ्यांत शिबिरें आणि दरमहा बैठका लागत, व त्यांत हेच शिक्षक स्वतः प्रयोग करीत. १९८२ सालीं ‘एकलव्य’ ही संस्था निघाली व तिनें हा भार उचलला. पुढें शाळांची संख्या हजाराच्या घरांत गेली.

आठवीनंतर काय, हा प्रश्न मात्र सुटला नाहीं. नववींत पुन्हां जुनेंच पुस्तक, जुनीच घोकंपट्टी, आणि दहावीची जुनीच परीक्षा. आमचीं मुलें पुढें मागें पडतात, अशी ओरड पालकांत होऊं लागली. ती सर्वस्वीं खोटी म्हणतां येणार नाहीं. ज्या मुलास तीन वर्षें ‘कां?’ विचारावयास शिकविलें, त्यास चौथ्या वर्षीं गप्प बसविणें हें त्याच्यावर अन्यायाचेंच होतें. परंतु दोष वरच्या परीक्षेचा, शिक्षा खालच्या वर्गास! वरची परीक्षा बदलण्याऐवजीं २००२ सालीं मध्यप्रदेश सरकारनें हा कार्यक्रमच बंद केला. देशांतील अनेक शास्त्रज्ञांनीं व शिक्षणतज्ज्ञांनीं निषेध नोंदविला; उपयोग झाला नाहीं. शाळांत राज्याचें नेहमींचें पुस्तक परत आलें.