स्क्रीनचा जोड

स्क्रीन प्रिंटिंगचा इतिहास बहुधा चित्राच्या बाजूने सांगितला जातो. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी 1907 मध्ये ताणलेल्या रेशमातून छापण्याचे पेटंट घेतले, पुढे प्रकाशाने घट्ट होणारा थर आला आणि छायाचित्रेही छापता येऊ लागली, अशी ती मांडणी असते. ती खरी आहे, पण अपुरी आहे. एक चित्र उतरवून त्याच स्क्रीनवर दुसरे चढवता येणे ही या धंद्याची मोठी बचत, आणि ती चौकट व कापड यांच्या जोडावर अवलंबून आहे. धुण्याचे द्रव बदलत गेले तसतसा हा जोड आणि त्याचे संरक्षणही बदलावे लागले. या तंत्राचा इतिहास त्या दृष्टीने वाचला पाहिजे.

चौकटीआधीच्या जोडाचे उदाहरण म्हणजे जपानच्या इसे भागातील कातागामी, कापड रंगवण्याचे कागदी साचे. कागदाचे थर कच्च्या पर्सिमॉनच्या तुरट रसाने एकमेकांना चिकटवत आणि त्याच रसामुळे कागद पाण्याला दाद देत नसे. नाजूक नक्षी हलू नये म्हणून दोन थरांमध्ये रेशमी धागे बसवत; विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या जागी रेशमी जाळी आली आणि ती लाकरने चिकटवली जाऊ लागली. साच्यावर चढायची ती तांदळाची खळ आणि ती धुवायला पाणी पुरे होते. त्यामुळे जोडाने पाण्याला टिकणे एवढेच पुरेसे होते. पाश्चात्त्य छापखान्यांत तेलाची शाई आली आणि गणित बदलले. तेथे रेशीम लाकडी चौकटीला खिळ्यांनी किंवा खाचेत दोरी ठोकून आवळत, म्हणजे जोड यांत्रिक होता. तरी आतल्या कडांतून शाई झिरपे, म्हणून गोंदाची कागदी पट्टी लावून तिच्यावर चपडा लाखेचे हात देत. भारतातून जगभर जाणाऱ्या या लाखेवर टर्पेंटाइनचा परिणाम होत नाही, स्पिरिटमध्ये मात्र ती विरघळते. त्यामुळे लाखेचीच स्टेन्सिल-फिल्म स्पिरिटने काढताना कडेचे लाखेचे कवचही धोक्यात येई. रेशमाची अडचण वेगळी होती. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या थरातले जिलेटिन आणि रेशीम दोन्ही प्रथिने असल्याने घट्ट झालेला जिलेटिनचा थर ब्लीचने काढायला गेले, तर कापडही खाल्ले जाई.

ही कोंडी पॉलिएस्टरने फोडली. 1941 मध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी हा धागा मँचेस्टरच्याच कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये शोधला, आणि त्याची जाळी ब्लीचलाही टिकते. तिला रेशमापेक्षा जास्त ताण देता येतो. तेवढ्या ताणाला लाकूड वाकते, म्हणून ॲल्युमिनियमच्या चौकटी पसरल्या. धातूत खिळे ठोकता येत नाहीत, तेव्हा जाळी गोंदाने चिकटवणे आले. येथे चौकट आणि कापड यांचा जोड पहिल्यांदाच पूर्णपणे रसायनावर उभा राहिला आणि शाई काढणारे थिनर, ॲसिटोनसारखे द्रव थेट त्याच्यावर चालून येऊ लागले. दोन भाग मिसळून घट्ट होणारे गोंद, सुकलेल्या गोंदावर वॉर्निशचा लेप आणि कडेने द्रवाला न सुटणारी चिकटपट्टी हे उपाय याच गरजेतून रुळले. चौकटही सुरक्षित नव्हती, कारण जुन्या डागांवर वापरला जाणारा कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो.

जाळी स्वस्त झाली आहे, सुटली तर पुन्हा ताणावी, असा आक्षेप घेतला जाईल. पण जोड एकदम सुटत नाही, तो आधी सरकतो. ताण उतरतो आणि बहुरंगी कामात एक रंग दुसऱ्यावर नीट बसेनासा होतो. नुकसान जाळीच्या किमतीचे नसते, बिघडलेल्या मालाचे असते. रोलरने जाळी ताणणाऱ्या चौकटींना गोंद लागत नाही, हा दुसरा आक्षेप. तो उलट मूळ मुद्द्यालाच बळ देतो: जोड रसायनांच्या तावडीतून सोडवण्यासाठी लोकांनी अधिक खर्चाची, जड यंत्रणा पत्करली. म्हणून गोंद पूर्ण सुकेपर्यंत थांबणे, कडांना लेप देणे आणि फडक्यावर द्रव बेताने घेऊन तो कडेपासून दूर पुसणे ही किरकोळ कामे समजू नयेत. स्क्रीन पुन्हा पुन्हा वापरता येते ती याच शिस्तीवर, आणि हे तंत्र शिकवताना तिला चित्राइतकीच जागा मिळाली पाहिजे.