चिंचोके, शिंपले आणि बालवाडी

'निवडणे' हे मराठी क्रियापद माझं फार आवडतं आहे. आपण तांदूळ निवडतो, मेथी निवडतो आणि दर पाच वर्षांनी सरकारही निवडतो. पहिल्या दोन कामांत खडे आणि काड्या आधी बाजूला काढतात. तिसऱ्याबद्दल रेडिओवरून बोलण्याची पद्धत नाही.

मंडळी, आज मला बोलायचं आहे ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या निवडण्याबद्दल. चिंचोके एका वाटीत, खडे दुसऱ्या वाटीत. मणी दोऱ्यात ओवायचे, पाणी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतायचं. असल्या किरकोळ खेळांना कसला आलाय इतिहास, असं कुणी म्हणेल. पण त्यांना इतिहास आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं पान आपल्या डहाणू तालुक्यात लिहिलं गेलं आहे.

शाळा नव्हत्या तेव्हाही मुलांची बोटं रिकामी नव्हती. सागरगोटे होते, कवड्या होत्या. आजीच्या शेजारी बसून कापसाच्या वाती वळणं होतं. कणकेच्या कणाएवढ्या गोळ्या बोटांच्या टोकांनी वळून गव्हले करायचे, नखाचा ठसा उमटवून नखुल्या करायच्या. आमच्या घरी अब्बांचं शिवणकाम होतं. दुकान बंद झालं की गुंड्यांचा डबा आम्हा भावंडांपुढे उपडा व्हायचा. दोन भोकांच्या इकडे, चार भोकांच्या तिकडे, प्रेस बटणं वेगळी, हुक वेगळे. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, गिऱ्हाइकांची झुंबड असे तेव्हा, ते खरोखरीचं काम असे. एरवी आम्हाला गप्प बसवण्याची युक्ती. त्याला शिक्षण म्हणतात हे अब्बांनाही ठाऊक नव्हतं.

त्याला शिक्षण म्हणणारा पहिला मोठा माणूस जर्मनीतला फ्रेडरिक फ्रोबेल. त्याने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांची शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, कागदाला टोचे मारणं, कागदी पट्ट्यांचं विणकाम, भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून घर उभारणं, ही त्याची साधनं. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये या शाळांवर बंदी घातली. वाटाणे आणि काड्यांनाही सरकार घाबरू शकतं!

त्यानंतर मारिया माँटेसरी. पेशाने डॉक्टर. मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांसाठी फ्रान्समध्ये इतार आणि सेगाँ यांनी केलेलं काम त्यांनी अभ्यासलं होतं. रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत एका कंपनीने चाळी दुरुस्त करून भाड्याने दिल्या होत्या. आईबाप कामावर गेले की पन्नास-साठ पोरं जिने आणि भिंती खराब करत. त्यांना कुणीतरी सांभाळावं म्हणून कंपनीने माँटेसरींना बोलावलं आणि ६ जानेवारी १९०७ रोजी 'कासा देई बांबिनी', म्हणजे 'मुलांचं घर', सुरू झालं. भिंती वाचवायला निघालेल्या घरमालकामुळे जगाला एक शिक्षणपद्धती मिळाली, ही गंमत मला फार आवडते.

माँटेसरींच्या साधनांपैकी एक तुम्ही पाहिलं असेल. लाकडी ठोकळ्यात ओळीने दहा भोकं, त्यांत दहा दट्ट्या, प्रत्येकीला वर छोटी मूठ. दट्ट्या काढायच्या, मिसळायच्या आणि जिथल्या तिथे बसवायच्या. चुकलं तर शेवटची दट्टी कुठेच बसत नाही. बाईंना 'चूक' म्हणावं लागत नाही, लाकूडच सांगतं. शिवाय ती मूठ अंगठा आणि दोन बोटांनीच धरता येते. पुढे पेन्सिल धरायची तीही त्याच तीन बोटांनी. म्हणजे लिहिण्याआधी हाताला लिहिण्याची तयारी, आणि मुलाला त्याचा पत्ताही नाही.

अडचण एकच. हे साहित्य नेमक्या मापाचं, रंधून-घासून केलेलं, आणि महागडं होतं.

भारतात ही पद्धत रुजवणाऱ्यांत पुढे होते भावनगरचे गिजुभाई बधेका. हे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या काळजीतून ते इकडे वळले आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू करून बसले. गुजरातने त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हटलं. त्यांच्याकडे १९२३ मध्ये आल्या ताराबाई मोडक. मुंबईत वाढलेल्या, १९१४ च्या बी.ए. (मीही बी.ए.च, पण माझ्या वेळी ती पदवी गल्लोगल्ली मिळत होती.) राजकोटला मुलींच्या अध्यापन महाविद्यालयाचं प्राचार्यपद सोडून त्या बालमंदिरात जमिनीवर येऊन बसल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं.

इथे थांबल्या असत्या तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण दादरच्या मुलांना घरी पाटी होती, पुस्तक होतं, पोटभर जेवण होतं. ज्यांना यातलं काहीच नाही त्यांचं काय, हा प्रश्न ताराबाईंना सोडेना. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ. मोरगावच्या, वय पस्तीस. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, तरीही शिकून शिक्षिका झालेल्या.

बोर्डी म्हणजे समुद्रकाठ. बालवाडी उघडली, पण वंचित वस्त्यांतली मुलं तिकडे फिरकेनात. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन सहा वर्षांची मुलगी शाळेत कशी येणार? मग या दोघी बालवाडीच उचलून त्यांच्या झोपड्यांपुढे घेऊन गेल्या. अंगणात भरते ती अंगणवाडी. आधी मुलांच्या अंघोळी, केस विंचरणं, नखं कापणं, मग खेळ. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथली मुलं गुरं राखायला जात, तर शाळा गुरांमागे कुरणात गेली. तिला नाव पडलं कुरणशाळा.

अंगणात आणि कुरणात रोमच्या मापाच्या लाकडी पेट्या कोण नेणार? पण शिंपले होते, खडे होते, पानं, फुलं, बिया, काड्या होत्या. रंग ओळखायला फुलं, लहानमोठं लावायला खडे, खरखरीत-गुळगुळीत कळायला झाडाची साल आणि पान, मोजायला बिया. ताराबाई आणि अनुताईंनी माँटेसरीचं तत्त्व ठेवलं आणि साधनं आवारातून उचलली.

याला बरेच जण 'गरिबांची माँटेसरी' म्हणतात. मला हे नाव पटत नाही. काही हरवलं, हे खरं. दट्टी चूक दाखवते, शिंपला दाखवत नाही. म्हणून तिथे बाईचं लक्ष जास्त लागतं. पण मिळालं तेही बघा. लाकडी दट्टीचा निकष सुताराने आधीच ठरवलेला असतो. ओंजळभर शिंपल्यांचं तसं नाही. एक मूल ते रंगाने लावेल, दुसरं आकाराने, तिसरं फुटके आणि अखंड असे वेगळे करेल. कशावरून वेगळं करायचं, हे मुलानेच ठरवायचं. जन्मभर ज्याच्यासाठी दुसरेच ठरवत आले, अशा पाड्यावरच्या मुलाच्या हाती हा अधिकार तिसऱ्या-चौथ्या वर्षी येत होता.

ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ रोजी गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं 'अंगणवाडी'. बोर्डीच्या अंगणातला शब्द देशभर गेला. अनुताईंनी ते पाहिलं. त्या १९९२ पर्यंत होत्या. शब्द गेला, पण शिंपले सगळीकडे गेले नाहीत. पोषण आहार, लसीकरण, वजनं, नोंदवह्या यांतून सेविकेला उसंत मिळेल तेव्हा खेळ. २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' आणला, त्यात खेळणी आहेत, कोडी आहेत, बाहुल्या आहेत. चांगलंच आहे. फक्त पेटी सरकारी असली की ती कपाटात जपून ठेवण्याचा मोह होतो, आणि मुलांच्या हाती पुन्हा पाटी-पेन्सिलच येते.

आणि खरी काळजी त्या पेन्सिलीचीच आहे. अडीच-तीन वर्षांच्या मुलाकडून रेघांच्या वहीत अक्षरं गिरवून घेणाऱ्या शाळा आज गावोगाव आहेत, आणि वही भरलेली दिसली की पालकही खूश असतात. मनगटातली आठ हाडं जन्मतः हाडं नसतात, कूर्चा असते. ती एकेक करून पुढच्या काही वर्षांत घट्ट होतात. त्या हाताला आधी चिमटा, मूठ, पिळा, टाचणं-ओवणं हवं.

त्यासाठी दुकानात जायला नको. चाळणी पालथी घालून तिच्या भोकांत खराट्याच्या काड्या खोवायला द्या. कपडे वाळत घालायचे चिमटे पुठ्ठ्याच्या कडेला लावायला द्या. अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये राजमा, चवळी, चिंचोके वेगळे करू द्या आणि कशावरून वेगळे केलेस, एवढंच विचारा. बारीक वस्तू तोंडात घालण्याच्या वयात मात्र बिया देऊ नका, आणि गुंजा व बिट्ट्या कुठल्याच वयात नकोत. दिसायला गोजिऱ्या, पण विषारी. चार वर्षांपुढच्या मुलाला शेजारी बसवून मटार सोलायला द्यावेत. निम्मे दाणे तिथेच संपतात, तेव्हा पाव किलो जास्तच आणावेत.