रंगनाम आणि रंगदृष्टी : एका वादाचा इतिहास

प्रस्तावना

एखाद्या भाषेत निळ्या रंगासाठी स्वतंत्र शब्द नसेल, तर ती भाषा बोलणाऱ्यांना निळा रंग दिसत नव्हता असे म्हणता येईल काय? आज हा प्रश्न बालिश वाटण्याचा संभव आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील राजकारणी, भाषाभ्यासक, नेत्रवैद्य आणि मानवशास्त्रज्ञ यांनी तो अत्यंत गांभीर्याने हाताळला. या वादात होमरची महाकाव्ये ओढली गेली, तशीच ऋग्वेदाची सूक्तेही ओढली गेली. शब्दाच्या अभावावरून माणसाच्या डोळ्याविषयी आणि पुढे वंशांच्या उच्चनीचतेविषयी निष्कर्ष काढण्यात आले. भाषिक पुरावा इतिहासलेखनात कसा व कितपत वापरावा, या दृष्टीने हा वाद अभ्यसनीय आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला असून संस्कृत व मराठी रंगवाचक शब्दांची साक्षही त्यास जोडून पाहिली आहे.

ग्लॅडस्टनचा होमर

विल्यम ग्लॅडस्टन पुढे चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झाले. त्याआधी, १८५८ साली, होमर व त्याच्या युगाविषयीचा त्यांचा त्रिखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील एका प्रकरणात त्यांनी होमरच्या रंगशब्दांची चिकित्सा केली. होमरचा समुद्र मद्यासारखा दिसतो आणि बैलही तसेच दिसतात. मेंढ्यांची लोकर व लोखंड ही दोन्ही जांभळट फुलांच्या रंगाची ठरतात. ‘क्लोरोस’ हा एकच शब्द मध, कोवळ्या फांद्या आणि भयाने उतरलेला चेहरा या तिन्हींना लागतो. ‘क्यानेओस’ हे विशेषण पुढील ग्रीक भाषेत निळ्याकडे झुकते. होमरमध्ये मात्र ते झ्यूसच्या भुवयांना आणि हेक्टरच्या केसांना लावलेले आढळते. काळ्या-पांढऱ्याचे उल्लेख विपुल आहेत, इतर रंगांचे विरळ. त्यावरून ग्लॅडस्टन यांनी असे मत मांडले, की त्या वीरयुगातील ग्रीकांचे रंगेंद्रिय अंशतःच विकसित झाले होते.

हा निष्कर्ष टिकला नाही. पण त्याच प्रकरणातील दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. होमरची वर्णनपद्धती रंगछटेपेक्षा उजेड व अंधार यांच्या भेदावर उभी आहे, असे त्यांनी नोंदविले होते. रंगविण्याची कला तेव्हा बाल्यावस्थेत होती, याकडेही त्यांनी लक्ष वेधले होते. वादाच्या धुमाळीत ग्लॅडस्टन यांचा हा अर्धा भाग मागे पडला आणि डोळ्याच्या अपूर्णतेचा अर्धा भाग गाजला.

गायगर आणि वेदांचे आकाश

१८६७ साली फ्रँकफुर्ट येथे भरलेल्या जर्मन निसर्गवैज्ञानिकांच्या संमेलनात लाझारुस गायगर या भाषाभ्यासकाने हाच प्रश्न व्यापक केला. वैदिक सूक्तांत उषा, सूर्य, मेघ व विद्युत यांची वर्णने ओसंडून वाहतात, मात्र आकाश निळे असल्याचे त्यांत कोठेही सांगितलेले नाही, हे त्याने दाखविले. बायबलचीही त्याने हीच गत सांगितली. अनेक भाषांच्या व्युत्पत्ती तपासून त्याने रंगनामांचा एक क्रम सुचविला : प्रथम काळा व तांबडा, मग पिवळा, मग हिरवा आणि सर्वांत शेवटी निळा. शब्दांचा हा क्रम म्हणजे दृष्टीच्या विकासाचाच क्रम काय, हा प्रश्नही त्याने उपस्थित केला. १८७० साली अल्पवयातच त्याचे निधन झाले.

संस्कृत शब्दांची साक्ष येथे बारकाईने घ्यावी लागते. ‘नील’ हा शब्द वैदिक वाङ्मयात आहे, परंतु त्याचा रोख गडद, काळसर या अर्थाकडे आहे. काव्यात केस नील असतात, मेघही नील असतात. ‘क्यानेओस’चा व्यवहार नेमका असाच होता. ‘हरि’ या शब्दाचा पट पिवळ्यापासून हिरव्यापर्यंत पसरलेला आहे, आणि तौलनिक भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो ग्रीक ‘क्लोरोस’चाच सगोत्र आहे. ‘हिरण्य’ त्याच कुळातला. मराठीत ‘हरित’चा हिरवा झाला आणि ‘हरिद्रे’ची हळद झाली, एकाच कुळातील दोन शब्द दोन रंगांच्या घरी गेले. ‘पाण्डुर’ म्हणजे फिकट, पिवळसर पांढरा. त्यापासून आपला पांढरा आला. (पांडुरंग हे नाव धारण करणारा देव मात्र भक्तांच्या बोलण्यात काळासावळाच असतो, हे कोडे अभ्यासकांना जुनेच आहे.) या उदाहरणांवरून शब्दांच्या सीमा सरकतात, एवढेच सिद्ध होते. हरिद्रा आणि हरित तृण यांतील भेद वैदिक ऋषींना दिसत नव्हता, असे कोणी म्हणणार नाही.

साहित्याबाहेरचा पुरावा तर अधिकच स्पष्ट आहे. प्राचीन इजिप्तमध्ये निळे रंगद्रव्य कृत्रिम रीतीने तयार होत असे आणि वैडूर्यसदृश निळ्या खड्याच्या नावाने त्या रंगास शब्दही होता. ग्रीसमधील तिरिन्स येथे १८८४-८५ च्या उत्खननात निळी काच जडविलेली अलाबास्टरची पट्टी सापडली. ‘ओडिसी’त राजवाड्याच्या भिंतीवर ‘क्यानोस’ची पट्टी वर्णिलेली आहेच. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसने लिनियर-बी लिपी उलगडल्यावर त्या मृत्तिकापट्टांतही हा शब्द पदार्थवाचक म्हणून आढळला. म्हणजे होमरच्या परंपरेत निळी वस्तू होती, तिला नावही होते. वस्तूपासून सुटा असा ‘निळेपणा’ मात्र तेथे शब्दात उतरला नव्हता. गायगरने पाहिलेल्या पुराव्याचा योग्य अर्थ हाच होय.

अपघात, लोकर आणि प्रश्नावली

वादाला व्यावहारिक निकड आली ती एका रेल्वे अपघाताने. स्वीडनमध्ये १८७५ साली लागेरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर होऊन नऊ माणसे मृत्युमुखी पडली. शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रिटिओफ होल्मग्रेन याने रेल्वे कर्मचाऱ्यांतील रंगांधळेपणाकडे लक्ष वेधले आणि रंगीत लोकरीच्या गुंड्या जुळवावयास लावणारी चाचणी प्रचारात आणली. रंगदृष्टी सर्वांची सारखी नसते, ही गोष्ट आता सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. या वातावरणात १८७७ साली ब्रेस्लाऊचा नेत्रवैद्य हुगो माग्नुस याने दृष्टिपटल पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने क्रमाक्रमाने रंगक्षम झाल्याचा सिद्धान्त मांडला. ग्लॅडस्टन यांनी त्याच वर्षी लेख लिहून त्याचे स्वागत केले.

सरावाने कमावलेली शक्ती संततीत उतरते, हे या सिद्धान्ताचे गृहीतक होते. त्यातूनच एक घातक उपसिद्धान्त निघाला : युरोपीय डोळा पुढे गेला आणि ‘रानटी’ समाजांचा डोळा होमरच्या पायरीवर अडकला. मग पुरावा जिवंत माणसांत शोधला जाऊ लागला. बर्लिनमध्ये प्रदर्शनासाठी आणलेल्या न्यूबियन लोकांची रुडॉल्फ फिरखो याने १८७८ साली तपासणी केली. निळ्यासाठी वेगळा शब्द नसूनही त्यांनी रंग व्यवस्थित वेगळे करून दाखविले. ग्रँट अ‍ॅलन याने मिशनरी व अधिकारी यांच्याकडून माहिती मागवून १८७९ साली माग्नुसला विरोध केला. स्वतः माग्नुसनेही प्रश्नावल्या पाठविल्या, आणि शब्दसंपत्ती व दृष्टी या भिन्न गोष्टी असल्याचे त्याला १८८० मध्ये बरेचसे मान्य करावे लागले.

रिव्हर्स : मरे बेटापासून निलगिरीपर्यंत

१८९८ साली आल्फ्रेड हॅडनच्या नेतृत्वाखाली केंब्रिजची मोहीम टोरेस सामुद्रधुनीत गेली. तीत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स होता. मरे बेटावर त्याला असे आढळले, की तेथील रंगनामे पदार्थांच्या नावांची द्विरुक्ती करून बनतात. रक्त म्हणजे ‘माम’, म्हणून तांबडा ‘माममाम’. ‘गोले’ या समुद्री जीवावरून काळा ‘गोलेगोले’. निळ्यासाठी इंग्रजीवरून घेतलेला ‘बुलुबुलु’ वापरात आला होता. तरीही भर आकाशाच्या निळाईला कोणी ‘गोलेगोले’ म्हणताच रिव्हर्स चकित होई. लोकरीच्या गुंड्या मात्र ते बेटवासी जुळवून दाखवीत. त्यानंतरही उपकरणाच्या मोजणीवरून रिव्हर्सने त्यांची निळ्याबाबतची संवेदना काहीशी मंद असल्याचे लिहिले. १९१६ साली एडवर्ड टिचनरने अपुऱ्या प्रकाशात अमेरिकन व्यक्तींवर तशीच मोजणी करून तसेच निकाल मिळविले. दोष डोळ्याचा नव्हता, खोलीतील उजेडाचा होता. प्रयोगकर्त्याची मूळ अपेक्षा उपकरणाच्या अंकांत कशी शिरते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

हाच रिव्हर्स १९०१-०२ मध्ये निलगिरीवर आला आणि त्याने तोडा लोकांच्या ज्ञानेंद्रियांचे परीक्षण केले. तेथील पुरुषांत तांबड्या-हिरव्याच्या रंगांधळेपणाचे प्रमाण त्याला लक्षणीय आढळले. ही शारीरिक बाब होती व व्यक्तीव्यक्तीगणिक वेगळी होती. भाषेत शब्द असणे-नसणे यांच्याशी तिचा संबंध नव्हता.

गायगरचे पुनरागमन

१९६९ साली ब्रेंट बर्लिन व पॉल के यांनी ९८ भाषांची तुलना करून अकरा मूलभूत रंगनामे व त्यांचा ठरावीक क्रम मांडला. गायगर जवळजवळ विसरला गेला होता. त्याचा क्रम आता डोळ्याच्या अपूर्णतेचा आरोप गळून परत आला. त्यांच्या पद्धतीवर आक्षेपही झाले, कारण वीस भाषांचे निवेदक सॅन फ्रान्सिस्को परिसरात राहणारे, बहुधा द्वैभाषिक होते. अधिक मूलगामी आक्षेप हॅरल्ड कॉन्क्लिन याच्या १९५५ मधील अभ्यासातून निघतो. फिलिपिन्समधील हनुनो भाषेत रंगनामांची विभागणी केवळ छटेने होत नाही. ताजे व ओले आणि वाळलेले व कोरडे हा भेदही तिच्यात मिसळलेला असतो. नुकत्याच तोडलेल्या बांबूचा चकचकीत तपकिरी भाग त्या भाषेत ‘हिरव्या’च्या वर्गात पडतो. रंगीत ठोकळ्यांचा तक्ता पुढे ठेवला, की हा अर्थ दिसेनासा होतो.

मराठीच्या अभ्यासकाला हे अपरिचित वाटू नये. जांभळा, राखाडी, डाळिंबी, शेंदरी, अबोली, मोरपंखी ही नावे मरे बेटाच्याच रीतीने पदार्थावरून आलेली आहेत. ‘तांबडा’ ताम्रावरून आला आणि फारसीतून ‘लाल’ आल्यावरही पहाटेचे तांबडेच फुटत राहिले. मार बसलेला माणूस काळानिळा पडतो, घननीळ मेघ काळाच असतो. ‘नील’चा जुना गडदपणा मराठीने सोडलेला नाही. आणि जनावरांपुढे टाकावयाच्या हिरव्या चाऱ्याच्या विरुद्ध शेतकरी पिवळा चारा म्हणत नाही, वाळला चारा म्हणतो.