शब्दवेध: पश्चात्ताप

मेहकर, बुलढाण्याचे नव्हे, बीदर जिल्ह्यातले. या सीमाभागात लाजेला तीन शब्द हाताशी आहेत: संस्कृत ‘लज्जा’वरून आलेली लाज, कानडी ‘नाचिके’ आणि फारसीतली शरम. पश्चात्ताप मात्र मराठी ख्रिस्ती माणसाचा तोच, कानडी ख्रिस्ती माणसाचाही तोच: पश्चात् अधिक ताप, मागाहून होणारी जळजळ. बायबलमधल्या मूळ ग्रीक ‘मेटानोइया’त ताप नाहीच, मन पालटणे आहे. हिब्रू ‘शूव’ तर सरळ मागे फिरणे. त्याच अर्थाचा अरबी ‘तौबा’ आपण ‘तोबा तोबा’ करत थट्टेवारी नेला!

जळजळ येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही झाली. मत्तयाने त्याच्यासाठी क्रियापदच निराळे वापरले, ‘मेटामेलोमाई’. तो चांदीची नाणी मंदिरात टाकतो आणि गळफास घेतो. येशूला नाकारणारा पेत्रही ढसाढसा रडतो, पण परततो. लाज दोघांनाही वाटली असणार; एकाची तिथेच थिजली. म्हणून भर मंडळीत मान खाली घालायला लावणारी शिस्त मला संशयास्पद वाटते. लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा लाजेचे भाषण मनात जुळवून घरी निघतो. ‘मला मजूर म्हणून ठेवा’ हे वाक्य त्यात असते. बाप ते बोलूच देत नाही, अंगरखा मागवतो.