डीजे, ढोल आणि पंक: काही कानांना मोठं संगीत असह्य का होतं?

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावर भामरागड आहे. माडिया गोंडांचा हा मुलूख. इथल्या लग्नाला आणि सणाला ढोल लागतो, रेला नाच लागतो. गेल्या काही वर्षांत त्यात डीजेची भर पडली आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा पिकअपवर रचलेले स्पीकर आणि शेजारी जनरेटर, हे दृश्य आता आडगावांनाही नवीन नाही.

अशा ठिकाणी बहुतेकजण नाचत असतात आणि एखादं पोर कान दाबून घराच्या मागे पळालेलं असतं. एखादी बाई डोकं धरून बसते, कुणाला मळमळतं. ‘भित्रं आहे’, ‘नखरे करतं’, ‘बाहेरचं काही लागलं असेल’ अशी कारणं लगेच तयार असतात. खरं कारण बऱ्याचदा कानात आणि मेंदूत असतं.

त्रास एकच दिसतो, प्रकार वेगळे

इतरांना चालणारा आवाज एखाद्याला असह्य मोठा किंवा दुखरा वाटणं, याला हायपरअक्युसिस म्हणतात. साधारण कान 100 डेसिबलच्या आसपास ‘पुरे’ म्हणतो. हायपरअक्युसिस असलेल्यांना त्याच्या खूप आधीच त्रास सुरू होतो, कधीकधी भांड्यांचा आवाजही टोचतो. मोठ्या आवाजात केलेलं काम, डोक्याला मार आणि अर्धशिशी यांच्याशी त्याचा संबंध आढळतो. चेहऱ्याचा अर्धा भाग लुळा पडलेल्या काही रुग्णांना त्या बाजूच्या कानाने सगळंच मोठं ऐकू येतं. मोठा आवाज आला की कानातल्या हाडांना आवरून धरणारा स्टेपिडियस नावाचा इवलासा स्नायू त्यांच्यात काम करत नाही.

मिसोफोनिया वेगळा. त्यात मोठेपणाचा प्रश्न नसतो. चावण्याचा, भुरकण्याचा, पेन टकटकवण्याचा ठरावीक आवाज आला की संताप किंवा किळस येते. हा शब्दही नवा, 2001 सालचा. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांची गोष्ट आणखी निराळी. समोरच्याचं बोलणं, पंखा, बाहेरची गाडी, स्पीकर हे सगळं त्यांच्यापैकी अनेकांवर एकदमच येऊन आदळतं. महत्त्वाचं मागे-पुढे लावण्याचं जे काम इतरांचा मेंदू गुपचूप करतो, ते तिथे नीट होत नाही.

आणि एक उलट वाटणारी गोष्ट. ऐकू कमी येणाऱ्या माणसालाही मोठा आवाज जास्त टोचू शकतो. कानाकडून येणारा संदेश क्षीण झाला की मेंदू आपलं ‘व्हॉल्यूम’ वाढवतो, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

पंक इथे कशासाठी?

पंक रॉक भामरागडात कुणी वाजवत नाही. पण मोठ्या संगीतात नेमकं काय टोचतं, हे समजून घ्यायला पंकइतका उघडावाघडा नमुना दुसरा नाही. 1970 च्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये हे संगीत वर आलं. रामोन्सच्या 1976 च्या पहिल्या अल्बममध्ये 14 गाणी आहेत आणि सगळा अल्बम अर्ध्या तासात संपतो. दोन-तीन कॉर्ड, सुसाट ठेका, किंचाळल्यासारखं गाणं आणि फाटक्या आवाजाची गिटार.

ही ‘फाटकी’ गिटार महत्त्वाची. अ‍ॅम्प्लिफायरला झेपणार नाही इतका सिग्नल दिला की ध्वनिलहरीचे माथे कापले जातात. त्यातून मूळ सुरात नसलेले वरच्या पट्टीतले अनेक सूर तयार होतात आणि ते साधारण 2 ते 5 हजार हर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतात. माणसाचा कान नेमका याच पट्ट्यात सर्वात तिखट असतो. झांजांची भर तिथेच पडते. शिवाय किंचाळीतला आवाज सेकंदाला 30 ते 150 वेळा थरथरतो. असा खरखरीत थरथराट मेंदू धोक्याची सूचना म्हणून चटकन पकडतो.

दुसरं म्हणजे यात उसंत नसते. गिटारची भिंत ठोक्यांमधल्या जागा भरून टाकते. डीजेवरही नेमकं हेच होतं. गाण्यातले हळू भाग वर खेचून सगळं एकाच उंचीवर आणलेलं असतं, त्यात स्पीकर कुवतीबाहेर वाजवल्याने फाटतो. खालचा बास तर कानाऐवजी छातीतूनच शिरतो.

चामड्याच्या ढोलाचा ठोका मोठा असला तरी उठतो आणि विरतो. वाजवणारा माणूस दमतो, थांबतो. म्हणून ढोल निरुपद्रवी ठरत नाही. कानाजवळ तासन् तास वाजला तर तोही इजा करतो आणि अचानक पडलेला पहिला ठोका संवेदनशील मुलाला हादरवतोच. पण ढोलाच्या आवाजात फटी असतात, डीजेच्या आवाजात त्या बुजवलेल्या असतात. डेसिबल मोजणारं यंत्र हा फरक एका आकड्यात सांगू शकत नाही.

मग आवाज न सोसणाऱ्यांना संगीत नकोच का?

हा गैरसमज मोडणारं एक उदाहरण फिनलंडचं आहे. ‘पेर्ती कुरिकान निमिपाइवात’ या पंक बँडमधल्या चौघा मध्यमवयीन कलाकारांत डाऊन सिंड्रोम आणि ऑटिझम असलेले लोक होते. 2015 मध्ये हा बँड युरोव्हिजन स्पर्धेत देशाचा प्रतिनिधी म्हणून उतरला. त्यांचं गाणं दीड मिनिटाचंही नव्हतं.

ऑटिझम असलेल्या अनेकांना दणदणीत संगीत आवडतं. ठेका ठाम असतो, पुढे काय येणार हे माहीत असतं, आणि मुख्य म्हणजे बटण त्यांच्या हातात असतं. स्वतः वाजवलेला ढोल आणि दुसऱ्याने अंगावर सोडलेला डीजे यांत संवेदनशील माणसाच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यामुळे ‘परवा तर स्वतःच पत्रा बडवत होता, आज काय झालं?’ हा घरच्यांचा सवाल गैरलागू ठरतो.

करता येण्यासारखं काय?

पहिला उपाय अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून 5 मीटरवरचं पोर 40 मीटरवर नेलं तर ढोबळमानाने 18 डेसिबल कमी. बास मात्र एवढा ऐकत नाही. त्यामुळे घरामागे पळणारं मूल बरोबरच करत असतं, त्याला ओढून परत आणू नये. वरात येण्याआधी ‘आता वाजणार आहे’ एवढं सांगितलं तरी अनेक मुलांचा त्रास हलका होतो.

फोमचे इअरप्लग स्वस्त आहेत आणि वरच्या पट्टीतला टोचरेपणा चांगला कापतात. कापसाचे बोळे फारसे कामाचे नाहीत. पण प्लग कार्यक्रमापुरतेच. दिवसभर घातले तर मेंदू शांततेला सरावतो आणि साधे आवाजही जास्त टोचू लागतात. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना दोन आठवडे प्लग घालायला दिले, तेव्हा त्यांची संवेदनशीलता वाढलेली आढळली. उपचाराची दिशा म्हणूनच उलटी असते: हलका, सुखद आवाज थोडा थोडा वाढवत नेणं. सोबत भीती कमी करणारं समुपदेशन.

भामरागडात खरी अडचण तपासणीची आहे. जिल्ह्याचं ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्पाचं रुग्णालय आहे, पण श्रवणतज्ज्ञाची तपासणी बहुधा गडचिरोली, चंद्रपूर किंवा नागपूर गाठूनच होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत, आश्रमशाळांतही, मुलं तपासतात. कान दाबणारं मूल पालकांनी किंवा गुरुजींनी तिथे आवर्जून दाखवावं. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं, तर मात्र पथकाची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे न्यावं.

कायदा कुणाच्या बाजूने?

ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडून. पण ही मर्यादा सर्वसाधारण कानाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये संगीताच्या जागांसाठी मानक काढलं, त्यात 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. हेही कमी नाही. त्याच संघटनेच्या हिशेबाने 100 डेसिबल आवाज आठवड्यात सुमारे 20 मिनिटंच सुरक्षित.

त्या मानकातली एक सूचना मात्र गावातही बिनखर्चात पाळता येते: कार्यक्रमाच्या जागी एक शांत कोपरा ठेवणं. लग्नघरी स्पीकरची तोंडं वस्तीकडे न करता मोकळ्या शेताकडे फिरवली आणि मागची एक खोली कान दुखणाऱ्यांसाठी सोडली, तर ते मूल आणि ती बाई वरातीला येऊ शकतात.