वापरसुलभता चाचणी, निरीक्षकाविना
अ‍ॅप किंवा संकेतस्थळ वापरताना माणूस कुठे अडतो, हे त्याच्याशेजारी कोणी न बसता इंटरनेटवरून तपासण्याची पद्धत. डिझायनर नमुना आणि कामांची यादी एखाद्या साधनात चढवून लिंक पाठवतो. सहभागी सवडीने, स्वतःच्याच फोनवर ती कामे करतो. कुठे टॅप केले, किती वेळ लागला, काय अर्धवट सुटले याची नोंद साधन ठेवते. परवानगी असल्यास स्क्रीन आणि आवाजही.

प्रयोगशाळेतील चाचणीपेक्षा ती स्वस्त पडते. टॉम टलिस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दोन्हींची तुलना केली, तेव्हा निष्कर्ष बरेचसे जुळले. यूजरटेस्टिंग (२००७), लूप११ (२००९), मेझ (२०१८) ही अशा साधनांची पुढची नावे. वापरसुलभता-तज्ज्ञ याकोब नीलसन यांचा ‘पाच माणसे पुरतात’ हा नियम इथे सर्रास चुकीच्या जागी लावला जातो. तो चुका शोधण्यापुरता आहे. टक्केवारी मांडायची तर त्यांच्याच मते किमान वीस जण हवेत.

आपल्याकडची अडचण वेगळी: समोर बसलेल्याला वाईट वाटू नये म्हणून लोक ‘छान आहे’ म्हणून मोकळे होतात. ह्युमन फॅक्टर्स इंटरनॅशनल या वापरसुलभता सल्लागार कंपनीच्या अपाला लाहिरी चव्हाण यांनी यावर ‘बॉलिवूड पद्धत’ काढली. भाचीचे लग्न गुन्हेगाराशी ठरले आहे, पुरावा घेऊन तातडीने विमानाने पोचायचे आहे, तेव्हा तिकीट काढा, असा फिल्मी प्रसंग दिल्यावर सहभागी भिडस्तपणा विसरून तक्रारी करू लागले. निरीक्षकच नसेल तर भीड निम्मी तशीच गळते. पण प्रसंगात रंग भरणाराही उरत नाही. ती सगळी भिस्त कामाच्या वाक्यावर येते.

एक उदाहरण घेऊ. ओमानमधील मस्कतच्या बौशर विलायतीतील (तालुक्यातील) गाला ही वर्कशॉप, गोदामे आणि शोरूमची वस्ती. तिथल्या मराठी कामगारासाठी पैसे पाठवण्याचे अ‍ॅप तपासायचे, असे समजू. ओमान भारताच्या दीड तास मागे. सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी काम. पुण्याहून प्रत्यक्ष बोलायची वेळ जुळवणे जिकिरीचे, म्हणून ही पद्धत इथे सोयीची. ‘पैसे पाठवा हे बटण दाबा’ असे लिहिले की चाचणी वाया गेली. उत्तर प्रश्नातच आले. ‘आईच्या औषधांसाठी उद्या सकाळपर्यंत साताऱ्याच्या खात्यात साडेपस्तीस रियाल पोचायला हवेत’ हे ठीक. रियालचे १००० बैसा, म्हणून स्क्रीनवर ३५.५०० दिसते, रुपया-पैशात दोनच आकड्यांची सवय असलेल्याला ते पस्तीस हजार पाचशे वाटू शकते. तो रक्कम टाकेल, खोडेल, पुन्हा टाकेल, थांबेल. साधन ते थांबणे सेकंदांत मोजते. थांबण्याचे कारण मात्र त्याला कळत नाही. मोठ्याने बोलत काम करा, अशी सूचना असली तरी भरल्या खोलीत एकट्याने फोनशी कोण बोलणार? म्हणून अडलेल्या दोघा-तिघांना नंतर फोन करावाच लागतो, आणि तो खर्च आधीच धरलेला बरा.

ओमानमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२२ च्या शाही फर्मान क्र. ६ ने आला, भारतात २०२३ मध्ये. स्क्रीन टिपताना वरून घसरणारा बँकेचा मेसेजही टिपला जातो. त्यामुळे चाचणीत खाते क्रमांक खोटेच द्यावेत आणि नोटिफिकेशन बंद करण्याची सूचना सहभागीच्या भाषेत, पहिल्याच स्क्रीनवर असावी.