धातुविरहित कार्बन उत्प्रेरकांतील क्रियाशील केंद्रे

इंधन-विद्युत् घटात ऑक्सिजनाचे क्षपण (इलेक्ट्रॉन मिळण्याची क्रिया) होते. ही विक्रिया स्वभावतः मंद असल्याने तिला उत्प्रेरक (स्वतः कायम न बदलता विक्रियेचा वेग वाढविणारा पदार्थ) लागतो. डब्ल्यू. आर. ग्रोव्ह यांनी १८४२ मध्ये वर्णिलेल्या वायुघटातही प्लॅटिनम वापरलेले होते. हा धातू दुर्मिळ व महाग असल्याने पर्यायांचा शोध सुरू झाला. आर. जासिन्स्की यांनी १९६४ मध्ये कोबाल्ट थॅलोसायनीन या संयुगाची उत्प्रेरकता दाखविली. मात्र धातू मुळीच न वापरता हे साधेल काय, हा प्रश्न उरला.

अमेरिकेत के. गाँग, एल. दाई व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये नायट्रोजनयुक्त कार्बन नॅनोनलिका क्षारीय विद्रावात प्लॅटिनमापेक्षा सरस ठरतात, असे प्रसिद्ध केले. नायट्रोजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो व शेजारच्या कार्बन अणूवर धन विद्युत् भार येऊन तेथे ऑक्सिजन चिकटतो, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. तथापि या नलिका लोहयुक्त थॅलोसायनिनापासून बनविलेल्या होत्या. उरलेले लोह विद्युत् रासायनिक रीतीने काढून टाकले असले, तरी अशा पदार्थांत धातूचा लेशही नसतो काय, ही शंका पुढे बळावली. जर्मनीत जे. मासा, डब्ल्यू. शूमान प्रभृतींनी व सिंगापूरमध्ये एम. पुमेरा यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखविले की, धातुविरहित म्हणविणाऱ्या कित्येक कार्बनांची क्रियाशीलता अल्पांश धातूंमुळे वाढते. पोटॅशियम परमँगॅनेट वापरून बनविलेल्या ग्राफिनात मँगॅनीज उरते, हे याचे ठळक उदाहरण होय.

उत्प्रेरकाचा पृष्ठभाग सर्वत्र सारखा क्रियाशील नसतो, हे एच्. एस्. टेलर यांनी १९२५ मध्येच मांडले होते. ती क्रियाशील जागा येथे नेमकी कोणती, हे ठरविण्यासाठी जपानमधील त्सुकूबा विद्यापीठात डी. गुओ, जे. नाकामुरा व सहकारी यांनी सुव्यवस्थित रचनेच्या ग्राफाइटावर निरनिराळ्या प्रकारचा नायट्रोजन बसवून तुलना केली (२०१६). दोन कार्बन अणूंशी बद्ध असलेल्या, म्हणजे पिरिडिनासारख्या नायट्रोजनाच्या प्रमाणात क्रियाशीलता वाढते. तीन कार्बनांशी बद्ध असलेल्या नायट्रोजनाच्या बाबतीत तसा संबंध आढळला नाही. त्यावरून पिरिडिनी नायट्रोजनाशेजारचा कार्बन हेच क्रियाशील केंद्र होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जालकातील दोष व कडा यांनाही इतर संशोधकांनी महत्त्व दिले आहे.

या इतिहासामुळे प्रयोगपद्धती अधिक काटेकोर झाली. केवळ क्रियाशीलता मोजणे पुरेसे नसून अल्पांश धातूंचे विश्लेषण केल्यावरच कार्बनाला श्रेय देता येते. स्वस्त इंधन-विद्युत् घटाचा पाया कार्बनावर घालावयाचा की लोहादी धातूंवर, याचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.